वेताळाच्या पालखीला कोणता रंग?

२०२४ साली नरक चतुर्दशी ३१ ऑक्टोबरला आली. पहाटे आपल्याकडे उटणं लागलं, अभ्यंगस्नान झालं, दारात कारीट फुटलं. त्याच दिवशी संध्याकाळी इंग्लंड-अमेरिकेतली मुलं भुताखेतांचे मुखवटे चढवून हॅलोविनसाठी दारोदार खाऊ मागत हिंडली. दोन्ही सण अंधाराशी आणि गेलेल्या माणसांशी नातं सांगणारे. आपण धनत्रयोदशीला कणकेचा दिवा दक्षिणेकडे तोंड करून यमासाठी ठेवतो आणि कार्तिकातला आकाशदिवा पितरांसाठी उंच टांगतो. गोव्यात तर नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री बांबू, गवत आणि कागदाचे अक्राळविक्राळ नरकासुर चौकाचौकांत उभे राहतात. लहान पोरं बापाच्या खांद्यावर बसून ते बघायला जातात आणि पहाटे त्या नरकासुराचं दहन होतं. घरातल्या सगळ्यांनी मिळून थोडं घाबरायचं आणि मग फराळाला बसायचं, ही कल्पना आपल्याला परकी अजिबात नाही.

म्हणूनच दिवाळीच्या बाजारात आकाशकंदिलांच्या शेजारी जांभळ्या-नारिंगी भोपळ्यांच्या माळा दिसल्या की मला त्यांचा राग येत नाही. हळहळ मात्र वाटते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या घरापुढे भुताचा देखावा करायचा, तर त्यासाठी भोपळा कशाला हवा? पिंपळावरचा मुंजा आहे, विहिरीपाशी हडळ आहे, डोहात गिऱ्हा आहे, रानात वाट चुकवणारा चकवा आहे. शिवाय खवीस आहे, झोटिंग आहे. या सगळ्या भुतावळीचा राजा वेताळ अमावास्येच्या रात्री पालखीत बसून निघतो, पुढे-मागे भुतं टेंभे घेऊन चालतात आणि लांबून ती उजेडाची रांग माळावरून सरकताना दिसते, असं आजी-पणजीच्या पिढीनं सांगून ठेवलेलं आहे. लक्ष्मीपूजनाची रात्र अमावास्येचीच. आणि वेताळ नुसता भिववणारा नाही. कितीतरी गावांच्या वेशीवर तो शेंदूर माखून राखणदार म्हणून बसलेला असतो, लोक त्याला नारळ फोडतात. मुलांना दाखवण्याजोगं याहून चांगलं भूत कुठलं? भिववतो तोच सांभाळतो.

तेव्हा या लेखात मी वेताळाची पालखीच अंगणात आणणार आहे, आणि बोलणार आहे ते मुख्यतः दिव्यांविषयी. पुतळे कसेही जमतात. बांबू, जुनी धोतरं, कागदाचा लगदा, पुठ्ठा यांवर काम भागतं. देखावा बिघडतो तो उजेडात.

नगरला हे काम नवं नाही. गणेशोत्सवात हलते आणि जिवंत देखावे बघायला कुटुंबंच्या कुटुंबं रात्री बाहेर पडतात. त्या देखाव्यांत गुहा असते, राक्षस असतो, डोळे वटारणारी पूतना असते. आता सगळीकडे एलईडी आले, पण पूर्वीच्या मंडपात हॅलोजनच्या फोकसपुढे जिलेटीनचा रंगीत कागद लावलेला असे. कुठे पत्र्याच्या चकतीत लाल, हिरवा, निळा, पिवळा असे चार तुकडे बसवून ती चकती छोट्या मोटरवर फिरवत. कागद उष्णतेनं विटायचा, सुरकुतायचा, मग कार्यकर्ता शिडीवर चढून तो बदलायचा. चकती फिरली की राक्षसाचा चेहरा लाल, मग हिरवा, मग निळा व्हायचा. मुलांना मजा वाटायची, पण भीती कुणालाच वाटत नसे. रंग सारखा बदलत राहिला की डोळे रंगाकडेच बघतात आणि राक्षस नुसता पडदा होऊन जातो. आज रिमोटवर सोळा रंग पालटणारे फोकस विकत मिळतात आणि लोक ते पालटते ठेवूनच लावतात. माझं पहिलं सांगणं हेच, की रिमोटवर एक रंग ठरवा आणि रिमोट कपाटात ठेवा.

दुसरी शाळा जत्रेची. पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांची यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालते, रंगपंचमीला गर्दी उसळते आणि तिथला गाढवांचा बाजार तर प्रसिद्धच आहे. त्याच तालुक्यात मोहटादेवीला नवरात्रात माणसांची रीघ लागते. अशा मोठ्या यात्रा-जत्रांत आकाशपाळण्याच्या आणि मौत का कुआँच्या शेजारी कधी भूतबंगलाही लागतो. दर्शनी पडद्यावर जबडा वासलेला राक्षस, त्याच्या डोळ्यांत लुकलुकणारे लाल बल्ब, आणि आत मिट्ट काळोख. आत गेलं की दोऱ्या चेहऱ्याला लागतात, पायाखालची फळी हलते, अचानक एक दिवा लागतो आणि सांगाडा पुढे येतो. कॉलेजची पोरं किंचाळत आणि हसत बाहेर पडतात. पाच वर्षांचं पोर मात्र आईच्या पदरात तोंड खुपसून बाहेर येतं आणि त्या रात्री झोपत नाही. घरापुढच्या देखाव्यानं जत्रेकडून काय घ्यावं आणि काय सोडावं, हे याच फरकात आहे. काळोखातून काहीतरी पुढे येतं, ते घ्यावं. पायाखाली काय आहे ते दिसत नाही, ते सोडावं.

मुलाला भुताची भीती सोसते. सोसत नाही ती बाहेर पडायची वाट न दिसण्याची. फाटकापासून ओट्यापर्यंतची जमीन, पायऱ्यांच्या कडा आणि परतीचं दार एवढं सगळं सतत, न लुकलुकता, पिवळसर उजेडात दिसलं पाहिजे. मग त्याच्या दोन्ही अंगांना कितीही भुतं उभी करा.

आता उजेड कुठून टाकायचा ते बघू, कारण रंगाआधी हे ठरतं. घरात एखादा मुखवटा असेल तर अंधाऱ्या खोलीत मोबाइलची बॅटरी घेऊन करून बघा. वरून उजेड टाकला की मुखवटा साधा दिसतो, कारण सूर्य वरून, घरातला दिवा वरून, चेहरे आपण जन्मभर वरच्या उजेडातच बघितलेले असतात. बॅटरी एका अंगाला नेली की अर्धा चेहरा नाहीसा होतो आणि मुखवटा काहीतरी लपवतोय असं वाटू लागतं. बॅटरी हनुवटीखाली नेली की सगळं उलटतं. नाकाची सावली कपाळाकडे चढते, डोळ्यांच्या खोबणीत जिथे अंधार असायचा तिथे उजेड पडतो, भुवयांवर काळे डाग येतात. मेंदूला ओळखीच्या चेहऱ्याचा हिशेब लागत नाही, आणि न लागणारा हिशेब म्हणजेच ती शिरशिरी. एकही रंगीत दिवा न लावता झालं हे. आता बॅटरी त्याच जागी ठेवून मुखवट्यापासून हळूहळू लांब न्या. मागच्या भिंतीवरची सावली लहान आणि रेखीव होत जाईल. जवळ आणली की ती छताला जाऊन भिडेल. छोट्या पुतळ्याचं मोठं भूत करायचं असेल तर दिवा पुतळ्याच्या पायाशी, भिंत मागे चार-पाच हातांवर, आणि दिवा एकच. दोन दिवे लावले की दोन सावल्या पडतात आणि दोन्ही फिक्या होतात.

मराठी बालरंगभूमीला ही किमया चांगली ठाऊक आहे. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधली चिंची चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी आणि २०१८ च्या नव्या प्रयोगांत वैभव मांगले यांनी रंगवली. चेटकीण प्रेक्षागृहातल्या चिमुरड्यांना दटावते आणि चिमुरडी तिला उलट उत्तरं देतात. भीती आणि हसू एकाच श्वासात घेता येतं, हे त्या मुलांना कुणी समजावून द्यावं लागत नाही. मतकरी मोठ्यांसाठी अंगावर काटा आणणाऱ्या गूढकथा लिहीत होते. मुलांसाठी लिहिताना त्यांनी ती ताकद सोडून दिली नाही, तिला नाक लांब आणि बोलणं गमतीचं दिलं. आपल्या अंगणातल्या भुतालाही तेच हवं.

रंगांकडे वळताना पहिला मान टेंभ्यांना. वेताळाची पालखी ओळखू येते ती त्या उजेडाच्या रांगेमुळे, आणि तो उजेड विस्तवाचा आहे. त्यासाठी नारिंगी हा भडक रंग घेऊ नका. नारिंगी एलईडीचा उजेड सपाट असतो, त्यात कपड्यांचे आणि कातडीचे बाकीचे रंग मरतात. खोक्यावर २२०० के किंवा त्याच्या आसपासचा आकडा असलेला पिवळसर दिवा घ्या. हा आकडा जितका लहान तितका उजेड विस्तवाजवळचा, आणि ६५०० लिहिलेला म्हणजे दवाखान्यातल्या ट्यूबसारखा पांढराफटक. पाच-सहा काठ्यांना जाडसर हातकागदाच्या नळ्या करून आत हे दिवे बसवावेत. विस्तवाची थरथर आणायची तर सगळ्या टेंभ्यांना एकच लुकलुकणारं सर्किट जोडू नये, सगळे एकाच क्षणी उघडमीट करू लागले की विस्तवाचा भास संपतो. एका नळीत दोन छोटे दिवे ठेवा, एक स्थिर आणि एक थरथरणारा. प्रत्येक टेंभ्याची थरथर वेगळी पडली की रांग चालल्यासारखी वाटते.

मुंज्याचं झाड. पिंपळ अंगणात क्वचितच असतो, पण कडुनिंब, आंबा, निदान जास्वंदीचं झुडूप असतंच. हिरवा फोकस बुंध्यापासून वर टाकला तर हिरवं पान तो प्रकाश जास्तीत जास्त परत करतं आणि झाड आतून उजळल्यासारखं दिसतं. त्याच झाडावर लाल टाकला तर पान तो लाल गिळून टाकतं आणि झाड जवळजवळ काळं पडतं. मला मुंज्यासाठी हे दुसरं अधिक भावतं. काळ्या पडलेल्या फांदीवर पांढऱ्या लंगोटीतला, शेंडीवाला मुंजा बसवलेला असला की आकृती काळोखात लाल-गुलाबी होऊन लोंबकळते. बहुतेक लोक झाडाला हिरवा लावतात, कारण झाड हिरवं असतं. बागेच्या शोभेला ते छान, भुताला उपयोगाचं नाही.

संध्याकाळी डोळ्यांतही एक बदल होतो आणि तो ध्यानात घ्यावा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुर्किंये नावाच्या बोहेमियन शास्त्रज्ञानं टिपून ठेवलं, की उजाडत असताना तांबडी फुलं काळपट दिसतात आणि हिरवी पानं मात्र लवकर उजळ दिसू लागतात. भर उजेडात डोळ्यांतल्या शंकुपेशी काम करतात, मंद उजेडात दंडपेशी, आणि दंडपेशींना लाल जवळजवळ दिसतच नाही, निळा-हिरवा मात्र चांगला दिसतो. कार्तिकाच्या तोंडाशी नगरला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्या वेळी फोकस लावून रंग पसंत केले आणि पाहुणे आठला आले, तर निळा दुप्पट झालेला वाटतो आणि मंद लाल बुडालेला. चाचणी आठलाच करा.

निळ्याची आपल्याला फार हाव आहे. नव्वदच्या दशकापर्यंत झगझगीत निळा एलईडी नव्हताच. त्याच्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या जपानी शास्त्रज्ञांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, कारण निळ्याशिवाय पांढरा एलईडीही झाला नसता. मग तो स्वस्त झाला आणि लग्नापासून लक्ष्मीपूजनापर्यंत सगळीकडे पसरला. पण निळ्या उजेडावर रात्री डोळा नीट ठरत नाही, कडा पसरट दिसतात. आजी-आजोबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत असेल तर त्यांना तो धुक्यासारखा दिसतो. पायऱ्यांवर निळा म्हणूनच नको. त्याची जागा गिऱ्ह्याच्या पाण्यात. एका घमेल्यात किंवा प्लास्टिकच्या टबात पाणी घ्या, तळाशी आरशाचा तुकडा ठेवा, बाहेरून तिरका निळा टाका आणि पाण्यात अधूनमधून एक काडी फिरवायला दहा-बारा वर्षांच्या कुणाला तरी बसवा. भिंतीवर जे तरंग उठतील ते बघायला मोठी माणसंही थांबतील. फोकस कोरड्या जागी आणि तारा पाण्यापासून लांब, हे इथे सर्वांत महत्त्वाचं.

हडळीला रंग लावूच नका. तिच्या पांढऱ्या पातळाला अतिनील दिवा पुरे, ज्याला बाजारात ब्लॅक लाइट म्हणतात. धुण्याच्या पावडरीत कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून जी रसायनं घातलेली असतात ती अतिनील किरण शोषून निळसर उजेड बाहेर टाकतात. त्यामुळे नुकतंच धुतलेलं सुती पातळ अंधारात आपणहून उजळल्यासारखं दिसतं आणि आत माणूस आहे की नाही ते कळत नाही. हा दिवा पातळावर वरून आणि मुलांच्या नजरेबाहेर असावा, कुणी त्यात टक लावून बघू नये.

आणि लाल? लाल एकाच ठिकाणी ठेवावा. मुंज्याला दिला असेल तर दुसरीकडे नको. सगळ्या घरावर लाल टाकला की पाच मिनिटांत डोळे सरावतात आणि काहीच उरत नाही. रामसे बंधूंच्या चित्रपटांत धुक्यानं भरलेल्या निळ्या रात्रीत एकच खिडकी लाल असली की प्रेक्षक तिच्याकडेच बघत. ती एक खिडकी म्हणजे सगळी युक्ती.

ज्यांना मी ठाम नकार देईन ते म्हणजे झपझप उघडमीट होणारे दिवे. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानी दूरचित्रवाणीवर ‘पोकेमॉन’च्या एका भागात लाल आणि निळा प्रकाश सेकंदाला सुमारे बारा वेळा आलटून-पालटून चमकला आणि सहाशेहून अधिक प्रेक्षकांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्यांत बहुतेक मुलं होती, कित्येकांना आकडी आली. तेव्हापासून सेकंदाला तीनपेक्षा जास्त चमक टाळावी, हा दंडक जगभर मानला जातो. आपल्या मिरवणुकांत स्ट्रोब तर असतोच, वर लेझरही आला. २०२३ च्या गणेशोत्सवात कोल्हापूर जिल्ह्यात लेझरमुळे तरुणांच्या डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या, आणि पुढच्या वर्षी पुण्यात पोलिसांनी लेझरला मनाई केली. मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर चाललेल्या अंगणातल्या देखाव्यात लेझर आणणं मला अक्षम्य वाटतं. वीज चमकवायची असेल तर एक पांढरा दिवा, हातातलं बटन, आणि दोन चमकांमध्ये निवांत अंतर.

मग भुताच्या देखाव्याचा वेग काय असावा? याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात आहे. भंडारदऱ्याच्या आसपास, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या जंगलात, मे अखेरीपासून पाऊस जोर धरेपर्यंत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे उतरतात. झाडंच्या झाडं पिवळट-हिरव्या उजेडानं भरतात, विझतात, पुन्हा भरतात. ती लय पाहिलेल्या माणसाला झपझप चमकणारी माळ पुढे कधी सोसवत नाही. उजेड हळू चढावा आणि त्याहून हळू उतरावा. हल्लीच्या माळांच्या डबीवर ‘स्लो फेड’ अशी एक कळ असते, टेंभे आणि वाटेवरचा उजेड सोडून बाकी सगळं तिच्यावर ठेवावं. शेजाऱ्यांच्या मुलांना त्यातच झाड श्वास घेतंय असं वाटेल.

काजव्यांचा विषय निघालाच आहे तर एक बोलून टाकतो. त्यांचा उजेड म्हणजे नर-मादीचं बोलणं. गाड्यांचे हेडलाइट, बॅटऱ्या, मोबाइलचे फ्लॅश आणि हॉटेलांचे रंगीत फोकस पडले की ते बोलणं तुटतं आणि पुढच्या पिढीवर घाव बसतो. भंडारदऱ्याच्या परिसरात ज्यांची घरं, हॉटेलं किंवा तंबू आहेत त्यांनी उन्हाळा सरत आला की बाहेरचे दिवे बंद करावेत. झाडांवरचे रंगीत फोकस तर आधी काढावेत. दिवाळीचा देखावा दिवाळीत व्हावा, जूनमध्ये तिथला अंधार काजव्यांचा आहे.

दिवाळीतही उजेडावर जीव येतातच. भात कापणीला आलं की तुडतुडे दिव्याभोवती थव्यानं जमतात, त्यांच्या मागे पाली येतात, आणि हडळीच्या पातळावर किड्यांचा सडा पडतो. पांढरा-निळसर आणि अतिनील प्रकाश त्यांना सगळ्यात जास्त ओढतो, पिवळसर उबदार उजेड बराच कमी. म्हणून ब्लॅक लाइट सतत चालू ठेवू नये. मुलांची टोळी आली की लावावा, गेली की विझवावा. पातळही स्वच्छ राहतं आणि हडळ अचानक उमटल्याचा चमत्कारही साधतो.

विजेच्या कामात मात्र हौस चालत नाही. बाहेरच्या प्रत्येक दिव्यावर आयपी ६५ किंवा त्याहून वरचा आकडा असावा, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे आत शिरत नाहीत. परतीचा पाऊस दिवाळीत येणारच नाही असं आता कुणी सांगू शकत नाही. जिथे जमेल तिथे १२ किंवा २४ व्होल्टचे दिवे घ्या आणि त्यांचा अडॅप्टर घराच्या आत ठेवा, अंगणात फक्त कमी दाबाची तार जाऊ द्या. २३० व्होल्टची तार बाहेर न्यावीच लागली तर ती तीन तारांची, अर्थिंगसह, अखंड असावी. जोड जमिनीवर टेकता कामा नये. मेन बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, बसवलेला आहे का ते वायरमनला विचारा, तो नसेल तर त्या वर्षी अंगणात वीज न्यायचा विचार सोडा. पत्र्याची शेड, लोखंडी फाटक, ग्रिल यांना माळ गुंडाळायची सवय आपल्याला आहे. तार कुठे सोलवटली की सगळं फाटक प्रवाही होतं आणि त्याला पहिला हात लावतं ते पोर. फाटकावर माळ नको. कोळ्याच्या जाळ्यासाठी कापूस ताणायचा झाला तर जवळ पणती किंवा तापणारा हॅलोजन ठेवू नये. थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. पुठ्ठा आणि बांबू त्याहून टिकतातही, आणि सावलीला कडा देतात.

सगळं झाल्यावर पालखी. ती अंगणाच्या मागच्या बाजूला, शक्य असेल तर गच्चीच्या कठड्यावर, सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत लांब असावी. वेताळाचा चेहरा दिसू नये, शेंदरी शेल्यावर खालून मंद पिवळा उजेड आणि पुढे-मागे टेंभ्यांची रांग एवढंच पुरे. मुलं येतील तेव्हा घरातल्या आजोबांनी किंवा आजीनं पायऱ्यांपाशी खुर्ची टाकून उजेडात बसावं, म्हणजे घाबरलेल्या पोराला धावत जायला ओळखीचं माणूस दिसतं. वेताळ गावाचा राखणदार कसा, त्याला नारळ का फोडतात, ही गोष्ट तिथेच सांगून टाकावी. पाच वर्षांखालच्या मुलांना सहालाच बोलवावं, आभाळात अजून उजेड असताना. त्यांना आधी पुतळे हातानं चाचपू द्यावेत, मुंज्याच्या शेंडीचा काथ्या दाखवावा, आणि मग एकेकाच्या हातात स्विचबोर्ड द्यावा. हडळ लावायची की विझवायची, हे त्यांनी ठरवावं. मोठी मुलं आठला येतील. त्यांच्यासाठी निळा गिऱ्हा, लाल मुंजा आणि हातातली वीज राखून ठेवावी, आणि साडेनऊला सगळं बंद करून तारा गुंडाळाव्यात, कारण शेजारच्या घरात कुणाला तरी पहाटे उठायचं असतं.